फळगळीच्या दिवसांत कोणाचं ऐकायचं?

प्रश्न काटोलकडच्या एका तरुण बागायतदाराचा आहे. वडिलांच्या पश्चात संत्र्याचा बगीचा त्याच्याकडे आला. तो स्वतः नोकरीनिमित्त नागपुरात राहतो आणि शनिवार-रविवार गावाला जातो. तो लिहितो: ‘फोनवर संत्र्याचे ग्रुप इतके झालेत की मोजणं सोडलं. अंबियाची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची) फळगळ सुरू झाली की एक म्हणतो बुरशी, दुसरा म्हणतो झाड उपाशी आहे, तिसरा म्हणतो रात्री पतंग येतो. कृषी केंद्रवाला चौथंच काही हातात देतो. ओळखीच्यांच्या भरवशावर राहू, की ग्रुप सोडून सरळ पुस्तक धरू? एवढ्यातून कामाचं वेगळं काढायचं कसं?’

मी नागपूर जिल्ह्यात संत्रा आणि कपाशीच्या शेतकऱ्यांबरोबर विस्ताराचं, म्हणजे शेतीची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं, काम करत आलो आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ओळखीच्या माणसांच्या भरवशावर जरूर राहा. मात्र मेसेज चाळत बसू नका, माणसं चाळा. कोणत्या बाबतीत कोणाला विचारायचं ते पक्कं करा, आणि गोष्ट जिथून निघाली तिथपर्यंत कमीत कमी हातांनी पोचा.

ऐकीव माहितीला नाकं मुरडायचं काही कारण नाही. संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधलेला घ्यायचा की रंगपूर लाइमच्या, भारी जमिनीत ताण (बहारासाठी पाणी तोडणं) बसतो का, शेंदुरजना घाटाच्या कोणत्या रोपवाटिकेची कलमं पुढे डिंक्याने (बुंध्यातून डिंक वाहण्याच्या रोगाने) बसली, हे सगळं आपल्याकडे शेतकऱ्याने शेतकऱ्याकडूनच ऐकलं. जगभर असंच चालतं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1943 साली आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमधल्या 259 मका उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित मक्याचं बियाणं तिथे 1928 ते 1941 या काळात पसरलं आणि शेवटी दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलं. बियाण्याचं नाव सर्वाधिक जणांच्या कानावर पहिल्यांदा घातलं विक्रेत्याने. घ्यायचं की नाही हे ठरवताना मात्र सर्वाधिक वजन पडलं शेजाऱ्याचं. नवीन काय आलं हे एकाने सांगितलं आणि आपल्या कामाचं काय हे दुसऱ्याने. ही दोन कामं एकाच माणसाकडून करून घ्यायला गेलं की घोळ होतो, आणि तुमच्या कृषी केंद्राच्या बाबतीत तेच होतं आहे.

कृषी केंद्रवाल्याला सरसकट दोष द्यायचा नाही. बाजारात कोणतं औषध आलं, कोणतं संपलं, कोणत्या गावातून आज एकाच तक्रारीचे पाच जण आले, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. ते त्याला जरूर विचारा. पण तुमच्या झाडाला औषध लागतं की नाही, हे त्याला विचारू नका. त्याने झाड पाहिलेलं नाही आणि माल विकणं हा त्याचा धंदा आहे. ‘हे घेऊ नका, पाऊस उघडू द्या, मग बघू’ असं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकानदारही मला ठाऊक आहेत. असा एखादा सापडला तर त्याला धरून ठेवा.

आता ग्रुपकडे येऊ. पूर्वी बाजाराच्या दिवशी कोणी सांगितलं की ‘मी अमुक फवारा मारला, गळ थांबली’, तर सांगणारा समोर उभा असायचा. त्याचं गाव माहीत, जमीन माहीत, बगीचा किती वर्षांचा ते माहीत, आणि तो किती फुगवून सांगतो तेही माहीत. ऐकताना आपण ते सगळं आपोआप वजा-बेरीज करत होतो. फॉरवर्डमध्ये फक्त औषधाचं नाव उरतं. गाव जातं, तारीख जाते, जमीन जाते. चुनखडीच्या जमिनीतला सल्ला मुरमाड जमिनीत पोचतो, मृगाचा, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराचा, सल्ला अंबियावाल्याला मिळतो.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते दाखवतो. एका ग्रुपवर पानाचा फोटो आला. पान पिवळं, शिरा हिरव्या. खाली एक ओळ: ‘भाऊ, काय मारू?’ थोड्या वेळात उत्तरांची रांग लागली. झिंक मारा. फेरस मारा. मॅग्नेशियम कमी आहे. एकाने लिहिलं, ग्रीनिंग (झाड हळूहळू मारणारा रोग) आहे, झाड उपटून टाका. शेतकरी घाबरला आणि त्याने मला फोन केला. मी त्याला एकच विचारलं: पान फांदीच्या शेंड्याचं आहे की मागचं? तो म्हणाला, ‘ते नाही पाहिलं बाप्पा, तोडलं अन् फोटो काढला.’

सगळी मेख तिथेच होती. जस्त आणि लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी दाखवतात. जस्ताच्या कमतरतेत ती लहान आणि अरुंद राहतात, लोहाच्या कमतरतेत फिक्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते. मॅग्नेशियम कमी असेल तर जुनी पानं पिवळी पडतात आणि देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. ग्रीनिंगमध्ये मधल्या शिरेच्या दोन बाजू सारख्या नसतात, डाग एकीकडे एक आणि दुसरीकडे वेगळा असतो. आणि मुळं कुजत असतील तरी पान पिवळंच पडतं, तेव्हा पान बाजूला ठेवून बुंध्याजवळची माती उकरावी लागते. फोटोत यातलं बरंचसं येत नाही. उत्तर देणाऱ्यांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या बगीच्यात जे पाहिलं होतं ते लिहिलं. ते ज्ञान खरंच होतं, पण दुसऱ्याच झाडाचं होतं.

म्हणून ग्रुपवर काही विचारायचं असेल तर फोटोबरोबर एवढं लिहा: गाव, जमीन हलकी की भारी, झाडाचं वय, खुंट कोणता, बहार कोणता, शेवटचं ओलित कधी दिलं, पाऊस किती दिवस लागून होता, आणि आधी काय मारलं. एवढं लिहिलं की उत्तरं कमी येतात. जी येतात ती मात्र माहितगाराची असतात, कारण बाकीच्यांना त्यावर काय बोलावं ते सुचत नाही. कपाशीवाल्यांना हे थोडं सोपं जातं. ‘कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-दहा पतंग सापडले’ (हा सापळा मादीच्या वासाने नर पतंग ओढतो) या एका ओळीवरून गुलाबी बोंडअळीचं काय करायचं ते ठरतं, कारण त्यात मोजलेलं काही आहे. ‘यंदा बोंडअळी लय आहे’ या ओळीवरून काहीच ठरत नाही.

माणसं चाळायची म्हणजे काय, ते आता सांगतो. आपल्याकडे एखाद्याला ‘हुशार शेतकरी’ म्हटलं की त्याचं सगळंच ऐकायची रीत आहे. ती सोडा. माणूस विषयापुरता हुशार असतो. काटोल-नरखेड पट्ट्यात असे बागायतदार आहेत की कळमन्याचा, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजाराचा, भाव कधी चढेल याचा अंदाज त्यांच्याइतका कोणाला येत नाही, पण त्यांच्याच झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहत असतो आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची दोन वर्षं राहून गेलेली असते. भावाचं त्यांना विचारा, डिंक्याचं दुसऱ्याला विचारा. एखाद्याचा हात छाटणीवर बसलेला असतो, सल (वाळलेली फांदी) कुठून काढायची ते त्याला झाडाकडे बघून कळतं. तोच माणूस खतांच्या बाबतीत जाहिरात वाचून बोलत असेल. एका वहीत विषय लिहा: पाणी, माती, रोग, कीड, मजूर, भाव, कलमं, सरकारी योजना. प्रत्येकासमोर एक-दोन नावं लिहा. एखाद्या विषयासमोर नाव सुचलं नाही, तर तिथे तुम्हाला माणूस शोधायचा आहे. ही वही दर बहाराला बदलू द्या.

तुमच्या वहीत एक नाव बहुधा येणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. निंदणीला आणि तोडणीला येणाऱ्या बायका. कोणत्या ओळीखाली फळं आधी पडली, कोणत्या झाडाखाली पडलेल्या फळाला वास येतो, कोणत्या बांध्यात पाणी थांबतं, हे त्यांना मालकाच्या आधी माहीत असतं, कारण त्या दिवसभर झाडाखाली असतात. तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस गावाला असता. तुमच्यासाठी याच्याइतकी जवळची बातमी दुसरी नाही. त्यातल्या एखाद्या मावशीला रोज संध्याकाळी फोन करा आणि ‘आज काय दिसलं?’ एवढंच विचारा. ‘बुरशी आली का?’ असं विचारू नका. तुम्ही नाव घेतलं की समोरचा माणूस तेच सांगतो.

दुसरी गोष्ट. पाच जणांनी तेच सांगितलं म्हणजे पाच साक्षी झाल्या असं धरू नका. सांगणाऱ्याला विचारा: तुम्ही स्वतः मारलं का? नसेल तर कोणी सांगितलं? मग त्यालाही विचारा. दोन पायऱ्या मागे गेलं की बहुतेक वेळा मूळ हाती लागतं. एकदा एका टॉनिकची कळमेश्वरपासून सावनेरपर्यंत वाहवा ऐकू येत होती. मी ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘मी कायले खोटं सांगू? मले तं मेव्हण्यानं सांगतलं.’ मेव्हण्याला त्याच्या व्याह्याने सांगितलं होतं, आणि सगळ्यांच्या वाटा शेवटी एकाच बगीच्यात गेल्या. तिथे फवारणीनंतर पाऊस उघडला होता आणि वाफ्यातलं साचलेलं पाणी निघून गेलं होतं. गळ त्यामुळे थांबली की टॉनिकमुळे, हे मालकालाही सांगता येत नव्हतं, आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केलं. वाटेतल्या कोणी त्याला ते विचारलंच नव्हतं.

तोंडातोंडी सांगण्यात तपशील कसा हरवतो याचा अभ्यास गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 साली मांडला. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडं ओलांडेपर्यंत सुमारे 70 टक्के तपशील गेलेला असतो. उरतो तो ठळक होतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या समजुतीकडे झुकतो. ‘पाणी साचलेल्या चार झाडांना, निचरा केल्यावर, फवारा दिला’ याचं ‘फवारा दिला, गळ थांबली’ होतं ते असं. फॉरवर्डमध्ये शब्द तसेच राहतात, म्हणून आपल्याला वाटतं की बातमीही तशीच पोचली. पण पहिल्याच माणसाने तपशील गाळून लिहिलं असेल, तर ती उणीव शब्दाला शब्द तशीच हजारांपर्यंत जाते.

आता भावाबद्दल. इथे माझं म्हणणं बहुतेकांना उलटं वाटतं. पिकाच्या रोगाबद्दल शेजाऱ्याला विचारावं, पण भावाबद्दल शेजारी फारसा कामाचा नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी, 1973 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, की ज्या ओळखीतून नोकरीची खबर मिळाली ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. नेहमी भेटणाऱ्यांकडून खबर मिळाली असं सांगणारे फक्त 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून 55.6 टक्क्यांना मिळाली आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून 27.8 टक्क्यांना. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्या माणसाला तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. नवी खबर दूरच्या ओळखीकडे असते.

आपल्या संत्र्यात हे लख्ख दिसतं. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. तिथल्या सरकारने आयात शुल्क चढवत नेलं, 2023 मध्ये ते किलोमागे 88 टकापर्यंत गेलं आणि इकडे भाव बसला. गावातल्या ग्रुपवर तेव्हा ‘व्यापारी मुद्दाम पाडतात’ अशी चर्चा होती. सीमेकडे माल घेऊन जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला, पॅकिंग करणाऱ्या ग्रेडरला, कळमन्याच्या अडत्याच्या मुनीमाला गाड्या कमी जात आहेत हे आधीच दिसत होतं. असे लोक आपल्या रोजच्या बैठकीत नसतात. वर्षातून दोन-चार वेळा भेट होते आणि नंबर फोनमध्ये पडून असतो. बगीचा झाडावरच उक्ता (तोडणीआधी ठोक रकमेला) द्यायचा असेल, तर सौद्याच्या आधी गावाबाहेर तीन-चार फोन करा. एक कळमन्याला. एक वरुड-मोर्शीकडे. एक मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे, कारण तिकडचा माल त्याच बाजारांत उतरतो. जमलं तर एक गाडीवाल्याला. गावातल्या ग्रुपवर त्या दिवशी काय लिहिलंय, ते नंतर वाचा.

खोटी किंवा अर्धवट गोष्ट जास्त वेगाने का पळते, हेही माहीत असावं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तिघा संशोधकांनी 2018 मध्ये ट्विटरवरच्या 2006 ते 2017 या काळातल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा माग काढला. 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीपेक्षा सुमारे सहापट वेळ लागत होता. याला यंत्रं जबाबदार नव्हती, माणसंच होती. खोटी बातमी नवलाची असते, आणि नवल सांगावंसं वाटतं. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि 2020 पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. शेतीच्या मेसेजवर तो बाण दिसला की मी मजकूर वाचायच्या आधी ठरवतो की याच्यावर आज काही करायचं नाही. इतक्या हातांतून आलेली गोष्ट माझ्या धुऱ्याबद्दल (शेताच्या बांधाबद्दल) असूच शकत नाही.

2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असं फिरलं आणि राज्यभर कोंबडीचा भाव कोसळला. पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी गाडले. पाठोपाठ खाद्याची मागणी घटली आणि मक्याचा भाव उतरला. ज्याने तो मेसेज पाठवला त्याच्याच घरी कदाचित मका असेल. ही आठवण मी प्रत्येक बैठकीत सांगतो, कारण पुढे पाठवणाऱ्याला वाटतं की आपलं काही जात नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट यापुढे आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ग्रुपवर यश बोलतं, अपयश गप्प बसतं. ज्याची गळ थांबली तो फोटो टाकतो. त्याच औषधावर ज्याचे पैसे गेले तो काही लिहीत नाही. त्याला वाटतं लोक हसतील, म्हणतील की याने बरोबर मारलं नसेल. दहापैकी दोघांना गुण आला आणि आठ गप्प राहिले, तर ग्रुपवर दोनपैकी दोन यशस्वी दिसतात. म्हणून कोणत्याही उपायाबद्दल विचारताना गुण आलेल्याला विचारून थांबू नका. ‘कोणी मारलं आणि फरक पडला नाही?’ असं विचारा, आणि ते ग्रुपवर विचारू नका. एकेकट्याला विचारा, चहा घेताना. तोंड उघडायला त्याला वेळ लागतो. पण त्याच्याकडून जे कळतं ते सोन्यासारखं असतं: किती पावसानंतर मारलं, कशात मिसळलं, झाडं किती जुनी होती. उपाय कुठे लागू पडत नाही हे कळल्याशिवाय तो कुठे लागू पडतो ते कळत नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या बगीच्यात प्रत्येक वेळी दोन ओळी न फवारलेल्या ठेवा. सगळ्या बगीच्याला मारलं आणि गळ थांबली, तर ती कशाने थांबली ते तुम्हालाही कळणार नाही. दोन ओळी कोऱ्या ठेवल्या, पडलेली फळं रोज मोजून लिहिली, की पुढच्या वर्षी तुमच्याकडे ऐकीव नाही तर पाहिलेलं असेल. मग ते लोकांना कळवा, गुण आला नाही तरी कळवा. ज्याने सल्ला दिला त्याला तर नक्कीच कळवा: ‘काका, तुम्ही सांगितलं तसं केलं, हलक्या जमिनीच्या तुकड्यात फरक पडला, भारीत नाही पडला.’ हे ऐकून तो माणूस पुढच्याला सांगताना जमीन विचारून सांगेल. सल्ला घेणारे भरपूर असतात, परत येऊन सांगणारे फार थोडे. जो परत येऊन सांगतो त्याला लोक खरं आणि पूर्ण सांगायला लागतात. काटोल तालुक्यात ज्यांना मी आपणहून फोन करतो, ते सगळे असे परत कळवणारे आहेत.

काही बाबतींत मात्र तोंडी माहितीवर एक पाऊलही टाकू नका. विषारी औषधाचं प्रमाण आणि मिश्रण ही पहिली. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर ही माणसं गेली. किती मिली घ्यायचं, कशात कालवायचं, संत्र्यावर चालतं का, हे डब्याच्या लेबलवर आणि सोबतच्या घडीपत्रकात असतं. ‘मी तर दुप्पट मारतो, काही होत नाही’ असं सांगणारा तुमचा सख्खा काका असला तरी लेबलच वाचा, आणि फवारणाऱ्या गड्याला वाचून दाखवा. दुसरी बाब हवामानाचा इशारा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगात आणि जिल्हावार येतो. फिरताना जिल्हा गळून पडतो आणि रंग गडद होतो. मेघदूत ॲपवर किंवा हवामान विभागाच्या पानावर मूळ बघायला मिनिट लागतं. तिसरी बाब फळपीक विम्याच्या आणि अनुदानाच्या तारखा. त्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा आणि कागद बघा.

मात्र नेमकं इथेच आणि आत्ताच काय चाललंय हे कळायला जवळचा माणूसच लागतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या सकाळी शहराबाहेरच्या नातेवाइकांना खरं चित्र कळलं ते नदीकाठी राहणाऱ्या माणसाच्या एका फोनवरून. पाण्यात उभा असलेला माणूस काय सांगतो आणि तलावाबद्दल ऐकलेला माणूस काय सांगतो, यात फरक असणारच. पहिल्याचा नंबर शोधा.

ग्रुप सोडायचे का, हे तुम्ही विचारलं आहे. सगळे सोडू नका. ज्या ग्रुपवर गाव आणि तारीख लिहून माणसं बोलतात असे दोन-तीन ठेवा, त्यातला एक तुमच्या तालुक्याबाहेरचा असू द्या. जिथे औषधाच्या जाहिराती आणि शुभ सकाळच जास्त आहे ते गुपचूप बंद करा. वडिलांच्या जोडीदारांचा जो ग्रुप असेल, तो गावाकडच्या पारावरचा असला तरी, तो सोडू नका. तुमच्या बगीच्याचा इतिहास त्या लोकांच्या डोक्यात आहे: कोणत्या तुकड्यात आधी काय होतं, विहिरीचं पाणी कोणत्या साली आटलं, कोणत्या ओळीची कलमं वेगळ्या ठिकाणची आहेत. हे कोणत्याही पुस्तकात सापडायचं नाही. पुस्तक धरायचं ते या सगळ्याच्या जोडीला.

राहिली या आठवड्याची गळ. शनिवारी गावाला गेलात की आधी झाडाखाली वाका. वेगवेगळ्या ओळींतली पडलेली फळं उचला आणि ढीग वेगळे करा. फळ देठाकडून काळं-तपकिरी होऊन कुजलं असेल तर एक ढीग. जमिनीलगतच्या फांद्यांचं तपकिरी पडलेलं, आंबूस वास येणारं फळ दुसऱ्या ढिगात. हे पाणी साचणाऱ्या बाजूला जास्त सापडेल. सालीवर टाचणीएवढं भोक आणि त्याभोवती नरम वर्तुळ असेल तर तिसरा ढीग, ते पतंगाचं काम. अशी फळं जास्त असतील तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन एक चक्कर मारा आणि धुऱ्यावर गुळवेल, वासनवेल वाढलीय का तेही बघा, त्याच्या अळ्या त्यांवर वाढतात. फळ कापल्यावर आत अळी निघाली तर फळमाशी. काहीच इजा नसलेलं, नुसतंच पिवळं पडून गळलेलं फळ शेवटच्या ढिगात. त्याचा संबंध बहुधा मुळांशी, पाण्याशी आणि झाडाच्या पोषणाशी असतो.

कोणता ढीग मोठा, ते लिहून घ्या. मग वहीत त्या विषयासमोर ज्याचं नाव आहे त्यालाच फोन करा आणि ढीग सांगा, औषधाचं नाव विचारू नका, काय झालं असेल ते विचारा. शंका राहिली तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर आहे. सोमवारी नागपुरात परत येताच आहात, तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत प्रत्येक ढिगातली चार-पाच ताजी फळं, शेंड्याची आणि मागची अशी दोन्ही पानं, आणि बुंध्याजवळची पांढऱ्या मुळांसकट मूठभर माती घेऊन जा. फळं आणि पानं कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये त्यांना पाणी सुटतं आणि नागपूरला पोचेपर्यंत भलतीच बुरशी चढते.